निर्वासित कुटुंबांतली लहान मुले आणि सरकारी पैसा : मदत किती काळ आणि कोणत्या खात्यातून?

अंबाझरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सिंधमधून दीर्घ मुदतीच्या व्हिशावर नागपुरात येऊन राहिलेल्या हिंदू कुटुंबांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक नागरिकत्वापुरतेच असते. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने नागरिकत्व देण्याचे अधिकार ज्या १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले त्यांत नागपूर होते, २०१९ साली नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती (सीएए) झाली आणि ११ मार्च २०२४ रोजी तिचे नियम प्रसिद्ध झाले. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती मोठ्या माणसांच्या कागदपत्रांची. या घरांतल्या सहा वर्षांखालच्या मुलांची मधली वर्षे कशी जातात, हे कुणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

माझे मत सरळ आहे. अशा कुटुंबांसाठी सरकारने किंवा महापालिकेने थोडा पण स्वतंत्र निधी ठेवावा. त्यातून अंगणवाडीत त्यांची भाषा जाणणारी एक मदतनीस, आईला दवाखाना, लसीकरण आणि शाळाप्रवेश समजावून सांगणारी व्यक्ती आणि मुलाला पहिलीत जाण्याआधी इथल्या भाषेची सवय, एवढे साधले तरी पुष्कळ. मात्र ही मदत कुटुंबाच्या आगमनापासून अमुक महिने अशी मोजू नये. ती मुलाच्या वयाला बांधावी. मूल तिसरी पूर्ण करेपर्यंत ती मिळावी, मग आईवडिलांचा व्हिसा कोणत्या टप्प्यावर आहे हे कुणी विचारू नये. आपणांस काय वाटते?

करदाता_क्रमांक_एक

विषय चांगला आहे, पण मला मान्य नाही. नागपूर शहरातल्या कितीतरी अंगणवाड्या आजही भाड्याच्या एका खोलीत भरतात आणि तिथे स्वच्छतागृहाची बोंब असते. आपल्याच मुलांचे भागत नसताना बाहेरून आलेल्यांसाठी वेगळे लेखाशीर्ष काढणे हा कोणता न्याय? शिवाय ही कुटुंबे राहतात त्या जरीपटक्यातला सिंधी समाज सधन आणि संघटित आहे. आलेल्यांना खोली, रोजगार आणि जामीन हेच लोक मिळवून देतात. जे काम समाज करतो त्यात सरकारी पैसा शिरला की समाजही हात काढून घेतो आणि सरकारही ते नीट करत नाही.

संत्रा_बर्फी

शेवटच्या वाक्यातल्या दुसऱ्या भागाला पूर्ण अनुमोदन. पहिल्या भागाचे नंतर बघू.

निवृत्त_मुख्यसेविका

करदाता भाऊ, भाड्याच्या खोलीबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे. मी अशा खोल्यांची पाहणी करण्यातच नोकरी काढली. पण पैशाचा हिशेब आधी पाहू. २०१७ साली केंद्राने ठरवलेल्या दरानुसार पूरक पोषण आहारासाठी सर्वसाधारण बालकामागे दिवसाला ८ रुपये आणि तीव्र कुपोषित बालकामागे १२ रुपये धरले गेले. वर्षाचे ३०० दिवस आहार द्यायचा, म्हणजे एका मुलामागे २,४०० रुपये होतात आणि त्यातले निम्मे केंद्र देते. जरीपटक्यातली अशी मुले अंगणवाडीत आल्याने तिजोरी रिकामी होईल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

खरी अडचण खिचडीची नाहीच. नोंदणी पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर होते, घरी न्यायच्या आहारासाठी आता चेहरा ओळखण्याची पद्धत आली आहे आणि त्यासाठी आईचे आधार लागते. दीर्घ मुदतीच्या व्हिशावर असलेल्यांना आधार मिळते, पण नव्याने आलेल्यांना १८२ दिवसांच्या वास्तव्याची अट पुरी करावी लागते. तेवढ्या काळात सहा महिन्यांचे मूल वर्षाचे होते, आणि वरचा आहार सुरू करण्याचा सगळा काळ त्यात निघून जातो. सेविका दयाळू असेल तर नोंद नसलेल्या मुलालाही वाटीत वाढते. तसे वाढताना मी पाहिले आहे आणि पाहून न पाहिल्यासारखेही केले आहे.

दुसरी गोष्ट बोलण्याची. वाढीच्या तक्त्यावर मुलाचा ठिपका हिरव्यातून पिवळ्यात उतरला की सेविका आईला समजावते. एक आई मला आठवते. तिला मराठी येत नव्हते आणि आमच्या सेविकेचे हिंदी जेमतेम होते. पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवून सेविका बोलत राहिली आणि ती बाई हसून मान डोलवत राहिली, कारण पिवळा रंग म्हणजे शाबासकी असावी असा तिचा समज झाला होता. पुढच्या महिन्यात वजन आणखी उतरले. त्या खोलीत सिंधी किंवा ढाटकी (सिंधच्या थर भागातली बोली) बोलणारी एक बाई असती तर प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता.

भीपापड_जरीपटका

करदाता साहेब, आमच्या समाजाचे कौतुक केल्याबद्दल आभार; पण ते कौतुक आमच्याच मुलांच्या विरोधात वापरले जात आहे म्हणून लिहितो. आम्ही सगळे स्वबळावर उभे राहिलो असे सांगायला आम्हांलाही आवडते. माझे आजोबा मात्र तसे सांगत नसत. फाळणीनंतर ते आधी कल्याणच्या लष्करी छावणीत राहिले, जिचे पुढे उल्हासनगर झाले, आणि मग नागपुरात आले. छावणीत शिधा सरकारचा होता आणि शाळाही सरकारची होती. सप्टेंबर १९४७ मध्ये केंद्रात मदत व पुनर्वसनाचे स्वतंत्र मंत्रालय स्थापन झाले, आणि १९५४ साली विस्थापितांना नुकसानभरपाई व पुनर्वसन देणारा कायदा झाला. त्या काळी देशाची तिजोरी आजच्यापेक्षा कितीतरी हलकी होती. तेव्हा आधी आपल्या मुलांचे भागू द्या असे कुणी म्हटले असते, तर माझ्या वडिलांची शाळा राहून गेली असती.

आजची परिस्थितीही सांगतो. समाज खोली मिळवून देतो, दुकानात काम देतो, हे खरे आहे. पण दुकानात काम मिळते ते पुरुषाला. बाई घरी पापड लाटते. पाटावर एका हाताने लाटणे चालते आणि दुसऱ्या हाताने ती रांगत्या पोराचा पाय धरून ठेवते, कारण शेजारी स्टोव्ह पेटलेला असतो. आमच्या सिंधी पंचायतीकडे या बाईसाठी काही नाही. आमच्या सभांना ती येतही नाही.

नागनदी_डावा_तीर

पाळणाघराचा मुद्दा इथे येतो. केंद्राच्या मिशन शक्तीमध्ये ‘पाळणा’ नावाची योजना आहे, तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येते. आई नोकरी करो वा न करो, कागदोपत्री ती सगळ्या आयांसाठी आहे. तरीही घरी पापड लाटणारी बाई काम करणारी धरायची की नाही, यावर कार्यालयात बराच वेळ खल होईल, हा भाग वेगळा.

तिसरी_ब

मी उत्तर नागपुरातल्या एका शाळेत शिकवते. शाळेचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिते आहे ते शाळेला भूषणावह नाही.

मधल्या वर्षात एक मुलगा थेट दुसरीत दाखल झाला. सिंधमध्ये तो वर्षभर शाळेत गेला होता. पहिल्या दिवशी मी बालभारतीचे पुस्तक त्याच्या हातात दिले, तेव्हा त्याने ते मागच्या बाजूने उघडले आणि उजवीकडून बोट फिरवू लागला, कारण तिकडे सिंधी अरबी लिपीत शिकवतात. मुले हसली. वर्गशिक्षिकेने त्याच्या नोंदीपुढे ‘वाचनपूर्व तयारी नाही’ असे लिहिले. तयारी होती, ती दुसऱ्या दिशेची होती. त्याला वर्षभर मागच्या बाकावर चित्रे रंगवायला बसवले गेले.

आता कुणी म्हणेल की बालभारती सिंधी माध्यमाचीही पुस्तके काढते. काढते, पण पालकांना इंग्रजी किंवा हिंदी माध्यम हवे असते आणि २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. ती असावी, मी मराठीची शिक्षिका आहे. मात्र एकाच वर्षी नवी लिपी, नवे माध्यम आणि मराठी, असे तिन्ही डोंगर सात वर्षांच्या पोरासमोर उभे करायचे आणि हात द्यायला कुणी ठेवायचे नाही, याला शिक्षण म्हणता येत नाही. शिक्षणहक्क कायद्यात वयानुरूप वर्गात घेतलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आमच्याकडे त्या तरतुदीसाठी एक रजिस्टर आहे. शिक्षक नाही.

बारा_वाजताची_कोर्ट

कायद्याची बाजू थोडी स्पष्ट करतो, कारण सीएए आला म्हणजे प्रश्न मिटला अशी अनेकांची समजूत दिसते. सीएएचा पाच वर्षांच्या वास्तव्याचा जवळचा रस्ता ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठीच आहे. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या अशा लोकांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट मिळाली, पण त्यामुळे नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे ज्यांच्या मांडीवर आज दोन-तीन वर्षांचे मूल आहे, त्यांतले अलीकडे आलेले पालक सर्वसाधारण रस्त्यानेच जाणार. आईवडील अविभाजित भारतात जन्मलेले असतील तर नोंदणीसाठी सात वर्षे. नाहीतर देशीयकरणासाठी, म्हणजे दीर्घ वास्तव्याच्या आधारे नागरिकत्व मिळवण्यासाठी, एकूण बारा वर्षांचे वास्तव्य. तिशीतल्या जोडप्याचे आईवडील १९४७ पूर्वी जन्मलेले असण्याची शक्यता किती, हे आपणच ताडून पाहा.

आणि मूल नागपुरातल्या सरकारी दवाखान्यात जन्मले तरी ते जन्माने भारतीय ठरत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून नियम असा आहे की दोन्ही पालक नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. जन्मदाखला मिळेल, नागरिकत्व मिळणार नाही. म्हणून धागाकर्त्यांचा मुलाच्या वयाचा मुद्दा मला भावला. आईवडिलांच्या कागदाची वाट पाहायची तर मुलाला मिसरूड फुटेल.

दुसरीकडे हेही लक्षात घ्यावे की शिक्षणहक्क कायद्यातले कलम ३ ‘प्रत्येक बालक’ म्हणते आणि अन्नसुरक्षा कायद्यातले कलम ५ सुद्धा ‘प्रत्येक बालक’ असेच म्हणते. नागरिक हा शब्द तिथे नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही, परंतु बालहक्क संहितेला आपण डिसेंबर १९९२ मध्ये मान्यता दिली आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्याच शिक्षणहक्क कायद्यात लिहिले आहे.

करदाता_क्रमांक_एक

वकील साहेब, मग ‘प्रत्येक’ म्हणजे खरोखर प्रत्येक का? उद्या रोहिंग्यांची मुले आली तर त्यांनाही हाच निधी?

बारा_वाजताची_कोर्ट

शाळेपुरते उत्तर फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले होते. दिल्लीतल्या रोहिंग्या मुलांनी आधी सरकारी शाळांकडे प्रवेश मागावा आणि नाकारल्यास उच्च न्यायालयात यावे, असे न्यायालयाने सांगितले. देशात कुणी राहावे हा प्रश्न सरकारचा आहे आणि त्यावर आपले मतभेद असू शकतात. तोपर्यंत चार वर्षांच्या मुलाने काय करावे, हा प्रश्न निराळा आहे. आपण दोन्ही प्रश्न एकाच वाक्यात विचारता आणि मग पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देता.

संपादक_मंडळ

रोहिंग्यांविषयी आलेले काही प्रतिसाद काढले आहेत. कृपया लहान मुलांसाठीची मदत आणि तिचा निधी या विषयावर लिहावे.

गोंदिया_पॅसेंजर

विदर्भात निर्वासितांवर सरकारी पैसा खर्च होत नाही असे समजून चर्चा चालली आहे म्हणून सांगतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. दरवर्षी थंडीत नागपुरात स्वेटर विकायला जे तिबेटी बसतात त्यांच्या निमित्ताने तुमची-आमची ओळख. (नागपूरच्या हिवाळ्यात दोन गोष्टी हमखास येतात, तिबेटी स्वेटर आणि विधिमंडळ. पैकी स्वेटर उपयोगी पडतो.) तिबेटी मुलांच्या शाळांसाठी १९६१ सालीच केंद्राने स्वतंत्र प्रशासन स्थापले आणि पुढे २०१५-१६ पासूनच्या पाच वर्षांत वसाहतींच्या कारभारासाठी ४० कोटी रुपयांचे अनुदान मंजूर झाले. हे सगळे नागरिक नसलेल्यांसाठीच ना?

मात्र त्यातून दुसरा धडा घ्यावा. वेगळी वसाहत आणि वेगळी शाळा यांमुळे भाषा व धर्म टिकला, जो त्यांचा हेतूच होता, पण आजूबाजूच्या गावांशी नाते बाजारापुरतेच राहिले. जरीपटक्यातल्या मुलांना परत जायचे नाही. त्यांच्यासाठी वेगळी अंगणवाडी काढणे ही घोडचूक ठरेल. पैसा आहे त्या अंगणवाडीत घाला. गल्लीतल्या इतर मुलांनाही एक मदतनीस जास्तीची मिळेल, आणि मग करदाता साहेबांची तक्रारही निम्मी होईल.

राइनकाठचा_वैदर्भी

मी जर्मनीत कोलोनला राहतो, मूळचा धरमपेठेचा. इथे १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला बालवाडीत जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. प्राथमिक स्वागत केंद्रातून बाहेर पडून एखाद्या गावात स्थिरावलेल्या निर्वासित कुटुंबाच्या मुलालाही तो लागू होतो. जागा प्रत्यक्षात मिळते का, हे शहरागणिक बदलते आणि माझ्या शेजारच्या सिरियन कुटुंबाला बरेच थांबावे लागले. तरी हक्क कागदावर असला की भांडता येते.

तुमच्या चर्चेला अधिक जवळची गोष्ट अशी. २०१६ मध्ये इथल्या केंद्र सरकारने एक योजना आणली, तिच्यात भाषेची गरज असलेल्या बालवाड्यांना अर्धवेळ भाषातज्ज्ञ दिला जाई. हा तज्ज्ञ मुलांना वेगळे काढून शिकवत नसे. तो खेळताना, जेवताना, कपडे बदलताना त्यांच्याशी बोले आणि पालकांशी दुवा ठेवी. अतिशय चांगली योजना. २०२३ च्या मध्यावर केंद्राने पैसा थांबवला आणि जबाबदारी राज्यांवर गेली. माझ्या मुलीच्या बालवाडीतल्या बाई पुढचे नक्की नाही म्हणून आधीच दुसरी नोकरी धरून निघून गेल्या. प्रकल्प म्हणून आलेला पैसा प्रकल्प म्हणूनच जातो. मागायचे असेल तर पद मागा, प्रकल्प मागू नका.

बर्फात_वऱ्हाडी

कॅनडातून दोन शब्द. इथे सरकारने पुनर्वसित केलेल्या निर्वासितांना साधारण वर्षभर उत्पन्नाचा आधार मिळतो आणि नवागतांच्या भाषावर्गाला जोडून मुलांसाठी पाळणाघर असते, तेही सरकारी खर्चाने. पाळणाघर नसते तर आया वर्गाला आल्याच नसत्या. शेजारच्या अमेरिकेत उलटे चालले आहे. तिथे निर्वासितांची रोख मदत आधी आठ महिने होती, मग बारा केली आणि ५ मे २०२५ पासून नव्याने पात्र ठरणाऱ्यांसाठी ती चारच महिने केली. चार महिन्यांत बाळाला नीट बसताही येत नाही, आईने भाषा शिकून नोकरी कधी धरायची? धागाकर्त्यांनी वयाचा निकष सुचवला आहे तो मला यामुळेच पटतो. महिन्यांचा आकडा सरकार बदलले की बदलतो.

संत्रा_बर्फी

म्हणजे तिकडेही दीर्घ मुदतीची योजना पुढच्या निवडणुकीपर्यंतच दीर्घ असते. बरे वाटले.

निवृत्त_मुख्यसेविका

एक राहून गेले होते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसे त्यातून वगळले होते, पण घरोघरी हा फरक कुणी समजावून सांगितला नाही. माझ्या जुन्या सहकारी सांगत होत्या की काही दिवस त्या गल्लीतून एकही मूल अंगणवाडीत आले नाही आणि लसीकरणाचा दिवसही तसाच गेला. मदतनीस त्यांच्यातली असती तर ती सकाळीच दारोदार जाऊन सांगून आली असती. म्हणून ही व्यक्ती बाहेरच्या संस्थेने पाठवलेली नको. ती त्याच वस्तीतली, शक्यतो आधी आलेली आणि आता नागरिकत्व मिळालेली बाई असावी.

करदाता_क्रमांक_एक

गोंदिया पॅसेंजर यांचा आहे त्याच अंगणवाडीत पैसा घालण्याचा मुद्दा मला स्वीकारण्यासारखा वाटतो, कारण तो सगळ्यांच्या उपयोगी पडेल. स्वतंत्र निधीला माझा विरोध कायम आहे. आता मूळ प्रश्नावर या. पैसा कोणत्या खात्यातून? नागरी अंगणवाड्या महापालिकेच्या नाहीत, त्या एकात्मिक बालविकास योजनेच्या आहेत. शाळा महापालिकेच्या. व्हिसा पोलिसांच्या विशेष शाखेकडे. तीन दारे, आणि प्रत्येक दारावर शेजारच्या दाराकडे बोट दाखवणारा एक माणूस.

लेखाशीर्ष_२२३५

हयात हिशेबात गेली, म्हणून लिहितो. तीन वाटा दिसतात. महापालिकेच्या अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के राखून ठेवण्याचे बंधन आहे. बरीच रक्कम शिलाईयंत्रे आणि मेळाव्यांकडे जाते, आणि मार्चमध्ये घाईने संपवली जाते. त्यातून महापालिकेच्या शाळांतला भाषेचा भाग होऊ शकतो. दुसरी वाट जिल्हा वार्षिक योजनेतल्या नावीन्यपूर्ण योजनांची. अंगणवाडीतल्या मदतनिसाची सुरुवात तिथून करता येईल, पण राइनकाठ यांनी सांगितलेला धोका तिथे पुरेपूर आहे, कारण नावीन्य एकदोन वर्षांत जुने होते. तिसरी वाट राज्याची. तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये श्रीलंकेतून आलेल्या तमिळांसाठी ३१७.४० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, छावण्यांतली ७,४६९ मोडकळीस आलेली घरे नव्याने बांधण्याचे त्यात होते आणि शिक्षणाचाही भाग होता. ते लोकही नागरिक नाहीत. राज्याने ठरवले तर नियम आडवा येत नाही.

माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी जिल्हा योजनेतून सुरू करावे आणि त्याच प्रस्तावात दुसऱ्या वर्षीपासून राज्याच्या नियमित अंदाजपत्रकात समावेशाची मागणी लिहून ठेवावी. नंतर मागायला गेले की ‘प्रयोग यशस्वी झाला, आभार’ असे पत्र येते.

तिसरी_ब

प्रस्तावात शाळेचा भाग लिहायला मी तयार आहे. फक्त मुलांची राष्ट्रीयत्वानुसार यादी शाळेकडून मागवू नका. ती यादी एकदा तयार झाली की कुठे कुठे फिरेल हे सांगता येत नाही, आणि पालक नाव काढून नेतील. घरी कोणती भाषा बोलतात, एवढा रकाना पुरे.

भीपापड_जरीपटका

याला माझे जोरदार अनुमोदन. मदतनिसासाठी योग्य बायका मी सुचवू शकेन. त्यांना नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मिळाले आहे, सिंधी येते आणि भाजीवाल्याशी भांडण्याइतके मराठीही येते.

अंबाझरीकर

सर्वांचे आभार. करदाता साहेबांचा आक्षेप ध्यानात घेऊन ‘स्वतंत्र निधी’ऐवजी ‘विद्यमान अंगणवाड्यांत वाढीव भाषा-मदतनीस पद’ अशी मागणी करू. निकष मुलाच्या घरच्या भाषेचा आणि वयाचा, व्हिशाचा नाही. त्यामुळे वस्तीत कामासाठी आलेल्या छत्तीसगढी मजुरांची मुलेही त्यात बसतील. मसुदा रविवारपर्यंत इथे टाकतो. निवृत्त मुख्यसेविका ताईंनी तो आधी पाहावा ही विनंती.

निवृत्त_मुख्यसेविका

पाहते. त्यात आजच एक ओळ घाला : मदतनिसाचे मानधन दरमहा मिळेल. ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ हे शब्द कुठेही येऊ देऊ नका, नाहीतर दिवाळीचे मानधन होळीला येते आणि तोवर ती बाई परत पापडाच्या पाटावर जाऊन बसलेली असते.